शेवटचा 'र'

साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर रिचर्ड ग्रीनर यांचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे. विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या कोलंबियात शिकायला आल्यापासून मी रोज त्याच्यासमोरून जाते. इतिहासाच्या वर्गात कागदपत्रांवरून एकाची वंशावळ मांडायची होती, तेव्हा मी त्यांचंच नाव दिलं.

चरित्र लगेच जुळलं. जन्म १८४४, फिलाडेल्फिया. वडील खलाशी, सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेले ते परतलेच नाहीत. आईनं मुलाला बॉस्टनला नेलं. १८७० मध्ये हार्वर्ड कॉलेजचे ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले. १८७३ मध्ये इथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. शिकवता शिकवता त्यांनी ग्रंथालय लावलं, वर कायद्याची पदवीही घेतली. १८७७ मध्ये राज्याची सत्ता पालटून पुन्हा गोऱ्या वर्चस्ववाद्यांकडे गेली आणि विद्यापीठच बंद झालं. १८८० मध्ये उघडलं, ते फक्त गोऱ्यांसाठी. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

अडले ते वंशावळीत. आमच्या घरचा कुलवृत्तान्त मूळ पुरुषापासून खाली येतो. मी मात्र मुलीपासून वर निघाले, कारण ती जास्त प्रसिद्ध: बेल द कोस्टा ग्रीन, धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गनच्या न्यूयॉर्कमधल्या दुर्मिळ पुस्तकांच्या मॉर्गन ग्रंथालयाची पहिली संचालक. घराण्यात पोर्तुगीज रक्त आहे असं ती सांगायची. तीन आठवडे मी 'ग्रीन' घराण्यातली पोर्तुगीज माणसं शोधली. 'ग्रीनर' दिसलं की कारकुनाची चूक समजून पुढे जायची.

शेवटी ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "बापाकडून खाली ये." मग जनगणना उघडल्या. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची यादी वेगळी होती: वय, लिंग, रंग, नावाचा रकानाच बहुतेक कोरा. ग्रीनर आणि त्यांच्या पत्नीचं फ्लीट घराणं स्वतंत्र होतं, म्हणून त्यांना निदान नावानं शोधता येतं. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातंही लिहू लागले. त्यापुढची १८९० ची मोजणी हवी होती, तर तिचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेलेले!

१८८० ते १९००, नेमक्या त्याच वीस वर्षांत हे घर फुटलं होतं. बेलचे आईवडील वेगळे झाले. १८९८ मध्ये ग्रीनर सरकारी नेमणुकीवर व्लादिवोस्तोकला गेले. आईनं आणि मुलांनी आडनावातला शेवटचा 'र' काढला आणि ती सगळी स्वतःला गोरी म्हणवत गोऱ्यांच्या जगात राहू लागली. ज्याला मी कारकुनाची चूक समजत होते, ते त्यांचं खरं आडनाव होतं. मला बेलचा राग आला नाही. कृष्णवर्णीय मुलीला त्या काळी मॉर्गनच्या दारातून कुणी आत घेतलं नसतं.

बेलनं मरण्याआधी आपली पत्रं जाळली. वडिलांचे कागद मात्र २००९ मध्ये शिकागोतल्या पाडायला काढलेल्या घरात, एका ट्रंकेत सापडले. हार्वर्डचं पदवीपत्रही त्यात होतं.

माझ्या तक्त्यात तिच्या चौकटीत दोन ओळी आहेत. जन्म १८७९, ग्रीनर. मृत्यू १९५०, ग्रीन.