जुलै महिना आणि आयरिसचे गड्डे

जळगावच्या एका रद्दीच्या दुकानात मला इंग्लंडमध्ये छापलेले बागकामाचे एक जुने पुस्तक मिळाले. पानांना कसर लागली होती, पण आयरिसची रंगीत चित्रे शाबूत होती आणि त्यांच्या मोहाने मी चोपड्यातील आमच्या अंगणात आयरिस फुलवायचे ठरवले. खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखा केसाळ पट्टा असणाऱ्या जातीचे सहा गड्डे थंड प्रदेशातील एका रोपवाटिकेतून मागवले. पुस्तकात लागवडीचा महिना जुलै दिला होता, म्हणून मीही जुलैतच ते लावले.

आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. झड लागली आणि पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून हाताने सहज उपटून आली. खाली गड्डा दाबला तर बोटांना दुर्गंधी येणारा लगदा लागला. ही जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज होती. सहापैकी चार गड्डे गेले. शेजारचे आप्पा, ज्यांचे सारे आयुष्य केळीच्या बागेत गेले, ते वाफा पाहून एवढेच म्हणाले, "ताई, गड्डाले इतलं पानी कसाले?"

त्या प्रश्नाने मी पुस्तकाकडे परतले. इंग्लंडमध्ये आयरिस उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतो आणि नंतर काही आठवड्यांनी, हवा उबदार व जमीन कोरडी असताना, त्याचे गड्डे वेगळे करून लावतात; तेथील जुलैचा अर्थ एवढाच आहे. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाची व्यवस्था पाहणाऱ्या वुड्रो यांचे हिंदुस्थानातील बागकामावरील एकोणिसाव्या शतकातील पुस्तक नंतर मी मिळवून वाचले, तेव्हा पावसाळा गृहीत धरून लिहिलेले बागकाम किती वेगळे असते ते कळले. तेव्हापासून मी महिन्याचे नाव सोडून झाडाची अवस्था आणि जमिनीतील ओल वाचते.

उरलेले दोन गड्डे ऑक्टोबरच्या अखेरीस वीतभर उंच गादीवाफ्यावर, मातीत मुरूम व जाड वाळू मिसळून, पाठ उघडी राहील असे लावले. ते जगले आणि त्यांना पंख्यासारखी भरदार पाने आली, पण फूल आले नाही. याचे मला फार वाईट वाटले. या जातीला फुलोरा धरण्यासाठी दीर्घ थंडी लागते. आमच्याकडे पारा दहा अंशांखाली उतरतो तो मोजक्याच रात्री, आणि मे महिन्यात तो चव्वेचाळीसच्या वर जातो. खताने ही उणीव भरून निघत नाही.

मग मी त्याच कुळातील, उष्णता सोसणारे झाड शोधले. त्याला पूर्वी बेलमकांडा म्हणत. 2005 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा समावेश आयरिस प्रजातीत केला आणि त्याचे नाव आयरिस डोमेस्टिका झाले. जुन्या पुस्तकांत शोधायचे असेल तर मात्र जुनेच नाव लक्षात ठेवावे लागते. बियांपासून केलेली रोपे त्याच गादीवाफ्यावर लावली आणि दुसऱ्या पावसाळ्यात नारिंगी, लाल ठिपक्यांची फुले आली. प्रत्येक फूल एकच दिवस टिकते आणि मावळताना पाकळ्या पिळलेल्या वातीसारख्या गुंडाळून घेते. पुढे बोंड उकलले की आत काळ्या चकचकीत बियांचा घोस दिसतो, आणि मला तर तो फुलाहूनही अधिक आवडतो.

अमेरिलिस या नावाने मिळणाऱ्या लिलीच्या कांद्यांचेही असेच झाले. बारमाही पाणी घालत होते तोवर नुसती पाने वाढत होती. नोव्हेंबरपासून पाणी तोडून कुंड्या सावलीत कोरड्या ठेवल्या, जानेवारीअखेर पुन्हा ओल दिली, आणि मार्चमध्ये पानांच्या आधी फुलांचे दांडे वर आले.

इंग्लंडच्या त्या पुस्तकात आता जुलैच्या शेजारी मी पेन्सिलीने लिहिले आहे: "चोपडा, ऑक्टोबरअखेर, पाऊस पूर्ण उघडल्यावर." आप्पांनी बेलमकांडाच्या बिया मागितल्या आहेत, या बोंडातील पहिला घोस त्यांच्यासाठी बाजूला काढला आहे.