आमची वाटचाल: दुनाळीपासून पंपापर्यंत

गोव्यातल्या डिचोलीत बंदुकीचं दुकान म्हटलं की हल्ली लोक आमच्याआधी दुसऱ्या एका दुकानाचं नाव घेतात. घेऊ देत. तिथे काच आहे, दिवे आहेत, नव्या बंदुका ओळीने टांगलेल्या आहेत. पण त्याच बंदुका दोन पावसाळे काढून झाले की कुठे येतात, ते आमच्या बाकाला ठाऊक आहे. म्हणून ही वाटचाल लिहून ठेवतो.

बाबा मूळचे खाणीच्या वर्कशॉपमधले फिटर. बंदुकीचं काम त्यांनी फोंड्याकडच्या एका म्हाताऱ्या मेस्ताकडे (कारागिराकडे) उचललं. तो मेस्त पोर्तुगीज काळापासून बेल्जियममधल्या लीज शहरात बनलेल्या दुनाळ्या (दोन नळ्यांच्या बंदुका) दुरुस्त करायचा आणि स्प्रिंग कानसून, तापवून, तेलात बुडवून हाताने बनवायचा. मुक्तीनंतर १९५९ चा शस्त्र कायदा इथेही लागू झाला, परवाने नव्याने निघाले, आणि बाबांनी मेस्ताची हत्यारं विकत घेऊन बाजाराच्या मागच्या बोळात दुकान मांडलं. त्यातले पेचकस अजून वापरात आहेत. बंदुकीचा पेचकस टोकाला निमुळता नसतो, खाचेत अगदी घट्ट बसेल असा दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेला असतो. साध्या पेचकसाने स्क्रूची डोकी खाल्लेली बंदूक समोर आली की आधीच्या कारागिराची किंमत तिथेच कळते.

पंप, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून चालवायची बंदूक, आमच्याकडे आले ते बँकांच्या आणि खाणींच्या रखवालदारांमुळे. परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, त्यामुळे जुना रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० एखाद्या घरात निघाला तरच दिसायचा. बाकी सगळे देशी बनावटीचे. सुट्या भागांची बोंब असायची, म्हणून बाबांनी लेथ घेतली. एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस ओढून काढणारा आकडा), फायरिंग पिन (काडतुसावर ठोका मारणारी पिन), मॅगझीनचा (काडतुसं भरायच्या नळीचा) फॉलोअर, सगळं आम्ही दुकानातच करू लागलो. पुढची बरीच वर्षं काम चांगलं चाललं, त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते २०१२ नंतरचं. त्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि गेटवरचे रखवालदार घरी गेले. त्यांच्या बंदुका दुरुस्तीला येणं थांबलं. आमचा निम्मा धंदा तिथेच बसला. तेवढ्यात ते नवं दुकान उघडलं. त्यांनी बँकांना वर्षाच्या देखभालीचे दर आमच्याहून निम्मे सांगितले. निम्म्या दरात काय होतं, ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको: नळीतून एक फडकं फिरवायचं, वरून तेल मारायचं, वहीवर शिक्का. पंप उघडायचाच नाही.

तरी आम्ही टिकून होतो. मग आमच्याविरुद्ध एक निनावी तक्रार गेली, की स्टॉक रजिस्टरमधली काडतुसं आणि कपाटातली काडतुसं जुळत नाहीत. तपासणी झाली, एक एक डबा मोजला गेला, एका काडतुसाचाही फरक निघाला नाही. पण परवान्याचं नूतनीकरण त्याच वेळी टेबलावर होतं, आणि संबंधित कार्यालयाने "चौकशी पूर्ण होईपर्यंत" म्हणून दुकानाला सील लावलं. मे महिना होता. आत गिऱ्हाइकांच्या ठेवीतल्या बंदुका होत्या.

गोव्यात राहणाऱ्याला कळेल याचा अर्थ काय. इथे मृगापासून चतुर्थीपर्यंत भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. बंद खोलीत न पुसलेल्या पोलादावर आठवड्यात लाल ठिपके येतात आणि दीड महिन्यात ते ठिपके खड्डे होतात. नळीत चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी खड्डे पडले की झाडलेलं पुंगळं तिथे चिकटतं, आणि एक्स्ट्रॅक्टरने कितीही ओढलं तरी सुटत नाही. मी रोज त्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसत होतो. मला परवाना नको, फक्त बंदुकांना तेल लावू द्या, एवढंच मागणं होतं. एक साहेब म्हणाले, "सीलला हात लागणार नाही." दुसरे म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिले.

त्या वेळी आमच्यासाठी कोणी उभं राहिलं असेल तर ते वाळपईच्या पुढचे एक बागायतदार. आम्ही त्यांना भाई म्हणतो. पोफळीचं कुळागर, वर काजू, आणि रात्री गवे. गवा हा राज्याचा प्राणी, त्याला हात लावायचा नाही, आणि भाईंनी कधी लावलाही नाही. बंदूक हवेत वाजवायची, आवाजाने कळप वळवायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांचा पंपही सीलच्या आत अडकला होता. ते ओळखीच्या बागायतदारांना घेऊन वाळपईहून तसेच ओले कार्यालयात आले आणि साहेबांना म्हणाले, "आमच्या बंदुका गंजल्या तर भरपाई कोण देणार, ते लेखी द्या." लेखी कोणी देत नाही. पण पुढच्या आठवड्यापासून एका पोलीस शिपायासमोर दुकान उघडून साफसफाई करायची परवानगी मिळाली.

तो पूर्ण पावसाळा मी आणि बाबा दर आठवड्याला जात होतो. शिपाई दारात खुर्ची टाकून बसायचा. बाबांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, तरी प्रत्येक नळीतून आधी फॉस्फर ब्राँझचा ब्रश, मग फलाटिणीचा कोरडा तुकडा, मग रंगून ऑइलचा पुसट हात, हा क्रम त्यांनी एकदाही मोडला नाही. शेवटी शिपायाला सगळं पाठ झालं, तोच पुढचा तुकडा हातात द्यायचा. दसऱ्याच्या आधी सील निघालं. एकाही बंदुकीला गंजाचा ठिपका नव्हता. पण तोवर बँका त्या दुसऱ्या दुकानाकडे गेल्या होत्या.

त्या दुकानवाल्यांनी काय केलं, तेही लिहितो. पंपात मॅगझीनच्या नळीच्या तोंडाशी काडतूस अडवून धरणारी पट्टी असते, आम्ही तिला लॅच म्हणतो. फोरएंड (नळीखालची सरकती मूठ) मागे आला की लॅच बाजूला होतो, एकच काडतूस लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) सोडतो आणि मागच्याला धरून ठेवतो. जुना पंप जरा कडक चालतो. गिऱ्हाईक तक्रार करतं. तर या लोकांनी कडकपणा घालवायला लॅचचं नाकच कानसून टाकलं. दुकानात रिकामा पंप सुळसुळीत चालतो, गिऱ्हाईक खूश. भरला की एकाच्या मागोमाग दुसरं काडतूस सुटतं, लिफ्टरखाली अडकतं, आणि फोरएंड मागेही येत नाही, पुढेही जात नाही. एका बँकेचा रखवालदार वार्षिक सरावात सगळ्यांसमोर असा अडकून उभा राहिला. दोष त्यालाच दिला गेला. तो बिचारा बंदूक घेऊन आमच्याकडे आला तेव्हा मी लॅच काढून भिंगाखाली दाखवला. कानशीचे ओरखडे स्पष्ट होते. पंपाचा कडकपणा घालवायचा असेल तर रुळांतला जुना सुकलेला तेलाचा थर रॉकेलने धुवा. दहापैकी नऊ वेळा दुखणं तिथेच असतं.

आता विषय निघालाच आहे तर घेणाऱ्यांसाठी चार शब्द.

परवान्यासाठी नळी किमान २० इंच हवी, ते कायद्यातच आहे. रखवालदाराला २० पुरते, पण बागायतदाराने २४ ते २६ इंच बघावी. फोरएंडला ॲक्शन बार (त्याचा ओढा मागे पोचवणाऱ्या दांड्या) दोन आहेत का बघा. एकच बार असला तर एका बाजूने ओढल्यावर पिळ बसतो आणि घाईत अडकतो. दारू नसलेली सरावाची काडतुसं भरून पंप आधी सावकाश चालवा, मग झटक्याने. फोरएंड शेवटपर्यंत मागे नेणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. अर्धवट ओढून पुढे ढकलला की पुंगळं बाहेर पडत नाही आणि लोक बंदुकीला नावं ठेवतात. मॅगझीनची टोपी घट्ट करून नळी हलवून बघा, हलता कामा नये. नळी उजेडाकडे धरून आतून पाहा: सावलीची वर्तुळं अखंड दिसली पाहिजेत, तुटली तर तिथे पोचा आहे. प्रूफचा (नळीची दाबचाचणी झाल्याचा) ठसा आणि नंबर परवान्याशी ताडा.

चेंबर ६५ चा की ७० मिलिमीटरचा, हे नळीवर वाचा, काडतूस घालून ठरवू नका. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. झाडल्यावर ते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. आणि घरात १२ बोअरच्या जोडीला २० बोअरचीही (अरुंद नळीची) बंदूक असेल तर त्याची काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून १२ चं बसतं, आणि नळी फुटते.

खोबरेल लावू नका. सत्तरी तालुक्यात अजूनही लावतात. ते सुकून चिकट होतं आणि फायरिंग पिन आतल्या आत रुतते. तेल थोडं, अगदी बोटाला लागेल न लागेल इतकं. बंदूक रेक्झिनच्या कव्हरात घालून भिंतीला टांगून ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. कव्हर प्रवासापुरतं. कपाटात नळी खाली करून ठेवा, नाहीतर तेल उतरून दस्त्याचं लाकूड मऊ होतं. कागदी काडतुसं पावसाळ्यात फुगतात, प्लॅस्टिकची घ्या. आणि बंदूक महिनाभर पडून असेल तर ती मोकळी आहे हे बघून, पंपाची नळी उतरवून, उजेडाकडे धरून नळीतून आरपार पाहिल्याशिवाय भरू नका. कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. भाईंच्या शेजाऱ्याच्या दुनाळीत आम्ही बोटभर लांब मातीचा बोळा काढला आहे. तो तसाच बार टाकणार होता.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. तीन असलेल्या घरांत तेव्हा वाद झाले, कुठली द्यायची. बरेच जण आम्हाला विचारायला आले, आणि मी प्रत्येकाला पंप ठेवा असं सांगितलं नाही. वाडवडिलांची दुनाळी नीट असेल तर ती ठेवा, तिच्यात बिघडायला कमी भाग आहेत. पंप त्यानेच ठेवावा जो त्याला वर्षातून दोनदा उघडेल.

बाबा गेले. बाकावर आता माझी धाकटी मुलगी बसते. डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, आणि लॅच माझ्याहून बारीक बनवते. तीन बँका परत आल्या आहेत. त्यांच्या पंपांतले कानसलेले लॅच आम्ही बदलले आणि काढलेले जुने, प्रत्येकावर बंदुकीचा नंबर लिहून, बरणीत ठेवले आहेत. दर कमी करा असं एका मॅनेजरने सांगितलं तेव्हा तिने ती बरणीच त्यांच्या टेबलावर ठेवली. दर तोच राहिला. भाईंचा पंप मात्र आम्ही दर मे महिन्यात पैसे न घेता उघडतो, आणि ते दरवर्षी भांडून सुपारीची पिशवी ठेवून जातात.