तुम्ही विचारलंत म्हणून: कोट्यधीश खेळाडूंना युनियन कशाला हवी?

अमेरिकेत आमच्या मराठी मित्रमंडळींत बेसबॉलचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. "मालकही गब्बर, खेळाडूही गब्बर. मग तू दरवेळी खेळाडूंचीच बाजू का घेतोस?"

कर्ट फ्लडमुळे घेतो. सेंट लुइस कार्डिनल्स या बेसबॉल क्लबचा हा खेळाडू १९६९ मध्ये वर्षाला ९० हजार डॉलर मिळवत होता, म्हणजे त्या काळी भरपूर. बारा वर्षं तिथे खेळल्यावर क्लबने त्याला न विचारताच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. कायद्याने ते चालत होतं. करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. त्यांच्याकडे खेळा, नाहीतर घरी बसा. फ्लडने २४ डिसेंबरला लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं की माझ्या मनाविरुद्ध विकावी-घ्यावी अशी मालमत्ता मी नाही. नव्या क्लबने एक लाख देऊ केले होते. ते सोडून तो कोर्टात गेला, १९७० चा अख्खा मोसम खेळला नाही आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५-३ ने हरला. तोवर त्याची कारकीर्द आटोपली होती.

कोर्टाने नाकारलेलं युनियनने मिळवलं. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेल्या मार्विन मिलर यांनी १९७० च्या करारात तक्रार स्वतंत्र लवादाकडे नेण्याचा हक्क पदरात पाडून घेतला होता. १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंना मोकळं केलं, म्हणजे हव्या त्या क्लबशी करार करायची मुभा दिली. मालकांनी साइट्झना तडकाफडकी काढून टाकलं, पण निकाल टिकला.

१९९४ च्या खेळाडूंच्या संपाचा राग अजून अनेकांच्या मनात आहे, आणि तो मला पटतो. मालकांना पगारांवर कमाल मर्यादा हवी होती. संप २३२ दिवस चालला, मोसमाची अंतिम लढत म्हणजे वर्ल्ड सिरीज रद्द झाली. फलंदाज टोनी ग्विनची सरासरी .४०० च्या तोंडाशी, .३९४ वर अडकली, ७४ विजय आणि ४० पराभव अशा झोकात असलेल्या माँट्रियलच्या संघाचा मोसम वाया गेला. पण मर्यादा काही आली नाही.

२०२१-२२ मध्ये ९९ दिवस कामकाज थांबलं, ते मात्र मालकांनी टाळेबंदी केली म्हणून. खेळाडूंची तक्रार अशी: पहिली सुमारे तीन वर्षं नव्या पोराला क्लब देईल तेवढंच घ्यावं लागतं, आणि मोकळं व्हायला सहा वर्षं लागतात. फ्लोरिडात ज्युपिटरला वाटाघाटींच्या टेबलावर खेळाडूंच्या बाजूने स्टार पिचर (गोलंदाज) मॅक्स शर्झर बसला होता. वर्षाला चार कोटींहून जास्त डॉलर मिळवणाऱ्या माणसाला किमान पगाराशी काय घेणंदेणं? तरी तो बसला. किमान पगार ५,७०,५०० वरून ७ लाख डॉलर झाला, तरुणांसाठी दरवर्षी ५ कोटींचा बोनस निधी आला.

पुढच्याच वर्षी मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या लीगखालच्या संघांतल्या पोरांनीही युनियनमार्फत पहिला करार केला. त्यातल्या सिंगल-ए या खालच्या पातळीवर वर्षाचा किमान पगार ११,००० डॉलर होता. तो २६,२०० झाला. आता मोठ्या लीगचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, आणि तेव्हाही मी खेळाडूंच्याच बाजूला असेन.