रिपोर्टात विषाणू नाही, मग गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, समुपदेशनाला बसले की हा प्रश्न ठरलेला, आणि दसऱ्यानंतर जरा जास्तच. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या तेव्हा कारखान्यांवर निघतात. पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या पिशवीत भरताना कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, व्हायरल लोड तर काहीच नाही आला. मग आता बंद करू का?"

"जन्मभर घ्यायची" हे उत्तर खरं आहे, पण नुसत्या हुकमानं कुणी जन्मभर गोळी खात नाही. मी कारण सांगते.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. पेशीत शिरला की तो आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि इंटिग्रेज नावाच्या स्वतःच्या एन्झाइमनं तो आपल्या गुणसूत्रात जोडून टाकतो. पेशीच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव चढतं. पेशीचे दोन भाग झाले की दोन्ही उताऱ्यांवर येतं. जमीनही तो बघून घेतो, कोरडवाहू नको, बागायती हवी. 2002 साली त्याच्या जागा मानवी जनुकांच्या नकाशाशी ताडून पाहिल्या, तेव्हा तो कामात असलेल्या जनुकांच्या आतच जास्त सापडला. आपल्याच पेशीतलं एलईडीजीएफ हे प्रथिन अशा जनुकांना चिकटलेलं असतं आणि इंटिग्रेजलाही धरतं. फितूर घरातलाच!

सगळे रेट्रोव्हायरस अशीच जागा धरतात असं नाही. उंदरांमधला ल्युकेमियाचा एक विषाणू जनुकांच्या सुरुवातीपाशी बसतो. त्यालाच निरुपद्रवी करून, त्याच्यामार्फत पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या मुलांना हवं ते जनुक दिलं गेलं. मुलं सुधारली, पण काहींच्या पेशींत तो एलएमओ-2 या जनुकाजवळ बसला, ते जनुक नको तेवढं चालू झालं आणि मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. कुठं बसतो याला एवढी किंमत आहे.

आता तुमची गोळी. तिच्यातलं डोल्युटेग्राविर इंटिग्रेजलाच अडवतं, म्हणजे नवी नोंद होऊ देत नाही. जुनी नोंद खोडणारी गोळी अजून निघालेली नाही. त्या जुन्या नोंदींतल्या बहुतेक मोडक्याच असतात. पण थोड्या धडधाकट असतात, प्रतिकारशक्तीच्या, वर्षानुवर्षं जगणाऱ्या सीडी-4 पेशींत गप्प पडलेल्या. व्हायरल लोडची तपासणी रक्तातला मोकळा विषाणू मोजते, पेशीत दडलेला नाही. गोळी थांबली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो पुन्हा रक्तात दिसतो.

केजकडचा एक पोरगा म्हणाला, "माझ्यात कुठं बसलाय ते तरी सांगा." त्याला म्हटलं, एका जागी थोडाच आहे बाबा, ज्या ज्या पेशीत नव्यानं शिरला तिथं वेगळीकडं. फार थोडी माणसं अशी आहेत की औषधाविना विषाणू काबूत राहतो. त्यांच्यातल्या धडधाकट प्रती बऱ्याचदा गुणसूत्राच्या निजलेल्या, म्हणजे जनुकं कामात नसलेल्या भागात सापडल्या आहेत. आपण त्यांच्यातले आहोत हे गोळी बंद करून बघायचं नसतं.

कारखान्यावर गोळ्या संपत आल्या, तर पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची वाट बघू नका. जवळच्या एआरटी केंद्रात आपलं उपचाराचं पुस्तक घेऊन जा.