पत्रकार शोधताना काय काय केलं

आमचं देवगडजवळ आमसुलं आणि आगळाचं (म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) छोटं घरचं काम आहे, तर गेल्या वर्षी डोक्यात आलं की कोणीतरी यावर लिहायला हवं. पहिल्यांदा तीच चूक केली जी सगळे करतात, एक प्रेसनोट बनवली आणि चाळीस जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड. निळ्या टिका आल्या, बस. एका ठिकाणाहून फोन आला पण ते आधी जाहिरातीचं पॅकेजच सांगायला लागले.

मग स्वतंत्र काम करणारे लोक शोधले. कसे, तर कोकणातल्या शेतीवर, मासेमारीवर, कातळशिल्पांवर आलेले लेख वाचायचे आणि खाली नाव बघायचं, एकच नाव वेगवेगळ्या ठिकाणी दिसलं की समजायचं फ्रीलान्सर असणार. ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या कार्यक्रमालाही जाऊन बसलो (१८३२ साली याच तारखेला 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे सांगायला मला कारणच लागत नाही), तिथे दोघींशी ओळख झाली.

एकीला चारच ओळींचा मेसेज टाकला: हापूसवर सगळेच लिहितात, पण मे महिन्यात पाऊस यायच्या आत कोकमाची सालं पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवायची धावपळ बघायला या. ती आली. मी ब्रँडचं सुरू करणार तेवढ्यात आई म्हणाली, "आधी तेका सरबत तरी दी रे!" लेखात आमचं नाव एकदाच आलंय, आईचे लाल झालेले हात मात्र फोटोत मोठ्ठे.