ऑक्टोबरची तोडणी: दोरीपासून बरणीपर्यंत

दिवस ०. घरच्या गांजाच्या चारपैकी दोन झाडं काढली. कॅनडातल्या ऑन्टारियोत घरटी चार झाडं लावता येतात, १७ ऑक्टोबर २०१८ पासून. (भारतातल्या मंडळींनी नुसतं वाचायचं, तिकडचा कायदा निराळा.) भिंगातून ट्रायकोम (फुलांवरचे राळेचे बारीक केस) बहुतेक दुधाळ दिसले, थोडे तांबूस, म्हणजे तोडणीची वेळ झालेली. आठवडाभर पाऊस होता म्हणून जाड बड (फुलांचे गुच्छ) उकलून पाहिले. दोन बडच्या पोटात राखाडी बुरशी, बोट्रायटिस. कापून वाचवायच्या भानगडीत पडलो नाही, सरळ फेकले. मोठ्या झाडाचे ओले बड ४३० ग्रॅम भरले. मग फांद्या दोरीवर उलट्या टांगल्या.

दिवस १ ते ४. तळघर, १८ अंश, आर्द्रता ५८ टक्के, दिवा बंद, पंख्याचं तोंड भिंतीकडे. वाळवण म्हटलं की आपण ऊन शोधतो. कुरडया काय, मिरच्या काय. इथे ऊन वैरी. उजेड आणि हवा लागत राहिली की टीएचसीचं (नशा आणणारं द्रव्य) हळूहळू सीबीएन (कमी नशेचं द्रव्य) होतं. उष्णतेनं आधी उडतात ती मायर्सीनसारखी हलकी टर्पीन्स (वासाची द्रव्यं). कॅरिओफिलीन हे टर्पीन त्या मानानं चिवट.

दिवस ५. थंडी पडली, फर्नेस (घर तापवणारी भट्टी) सुरू झाली आणि मी गाफील. सकाळी आर्द्रता ४१! बड वरून कुरकुरीत, दाबला तर आत गार आणि ओला. वास कापलेल्या गवताचा. तोडल्यावरही पानाफुलांतली विकरं (एन्झाइम) काही दिवस काम करतात, हरितद्रव्य मोडत जातं. पाणी घाईनं गेलं की ते काम अर्धवट राहतं. खोलीतली गरम हवेची जाळी बंद केली, ह्युमिडिफायर लावला.

दिवस ९. बारीक काड्या कट्कन मोडल्या. ट्रिम करून बरण्या पाऊण भरल्या, प्रत्येकीत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक). तासाभरात आर्द्रता ५९. खूश होऊन झोपलो.

दिवस १०. ७०! साल वाळली होती, गाभा नव्हता. रात्रभरात आतलं पाणी बाहेर आलं. काडी मोडली म्हणजे झालं, यावर माझा आता विश्वास नाही. बंद बरणीतला चोवीस तासांनंतरचा आकडाच खरा. ६५ च्या वर बुरशीला आमंत्रण. सगळं ताटात पसरलं, तीन तासांनी परत भरलं: ६६. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा कुठे ६२. एक बरणी मी पसरायची विसरलो होतो, तिला अमोनियाचा भपकारा आला. ती गेली.

दिवस ११ ते २०. रोज झाकण उघडून पाच-दहा मिनिटं हवा. पुढे आठवड्यातून एकदा.

दिवस ३२. मोठ्या झाडाचे ४३० चे ९२ ग्रॅम राहिले, त्यात टाकलेल्या बरणीचं वजनही धरलंय. गवताचा वास जवळपास गेला, लिंबाची साल आणि मिऱ्याचा वर आला. लोणच्यासारखंच, मुरल्याशिवाय चव एकजीव होत नाही. मुरवल्यानं 'ताकद वाढते' असं सांगणारे भेटतात, मला ते पटत नाही. टीएचसीए-चं (ताज्या फुलातलं टीएचसीचं मूळ रूप) टीएचसी व्हायला मुख्यतः उष्णता लागते, बरणीत महिनाभरात ते फारसं होत नाही. बदलतो तो वास आणि घशाला लागणारा खरखरीतपणा.

मागाहून काढलेली दोन झाडं मोठी पानं न काढता अख्खी टांगलीत, म्हणजे सावकाश वाळतील. आज सहावा दिवस, फर्नेस चालू, आर्द्रता ५६.