मिरजेची शकुंतला, पडद्यावरचे एकनाथ

मिरज जंक्शनला बाहेरगावचा माणूस उतरतो तो बहुधा दवाखान्यासाठी, नाहीतर तंबोऱ्यासाठी. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगाही इथं आला तो कान दाखवायला. गळा देवाघरचा, पण ऐकायला कमी येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिशन हॉस्पिटलात डॉ. वॉनलेस यांच्याकडे धाडलं. मिरजेतच त्याची किर्लोस्कर नाटक मंडळीशी गाठ पडली आणि १९०५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो याच गावात शकुंतला होऊन उभा राहिला. टिळकांनी लहानपणीच ‘बालगंधर्व’ म्हटलेला हा मुलगा पुढं पन्नाशी उलटली तरी स्त्री-भूमिका करत राहिला.

त्या पहिल्या प्रयोगाच्या गावात आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. मी गेलो तेव्हा दुपार होती आणि प्रयोग नव्हता. मग सतारमेकर गल्लीत शिरलो. पंढरपूरकडून आलेले भोपळे दारात वाळत पडलेले, आत एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद मोकळा करत बसलेला. तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. कितीतरी वेळ मी तिथून हललो नाही. बालगंधर्वांचं गाणं असंच ऐकायला हवं, घाई न करता.

त्यांच्या चित्रपटांबद्दल लिहिणारे ‘जमलं नाही’ एवढं म्हणून पुढं जातात. मला ते खटकतं. त्यांच्या स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर झालेला असताना ते प्रभात फिल्म कंपनीत गेले. १९३५ चा ‘धर्मात्मा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचं. मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावं लागलं. यात बालगंधर्व संत एकनाथ झाले. उभ्या महाराष्ट्रानं ज्यांना शालू-शेल्यात पाहिलं, त्यांना प्रथमच पडद्यावर पुरुष म्हणून पाहायचं होतं, आणि तेही अस्पृश्यांच्या पंक्तीला बसणाऱ्या नाथांच्या रूपात.

अडचण मला दिसते ती वेगळी. नाटकात एक पद वन्समोअरवर वन्समोअर घेत वाढायचं, रात्र सरायची, समोरच्या माणसांच्या श्वासावर गाणाऱ्याला पुढची जागा सुचायची. कॅमेऱ्यासमोर तो माणूसच नाही. पद मोजून-मापून संपवायचं. प्रभातशी असलेली भागीदारी या एकाच चित्रपटानंतर मोडली. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात पडद्यावर आले, रंगभूमीवर त्या वेषाला जे प्रेम मिळालं ते इथं मिळालं नाही. ते परत नाटकाकडेच वळले. तरीही ‘धर्मात्मा’तला त्यांचा शांत, जराही हातवारे न करणारा वावर मला फार मोलाचा वाटतो. एवढ्या मोठ्या नटानं आपली सगळी लाडकी आयुधं खाली ठेवून हे केलं.

मिरजेहून पॅसेंजर धरली. सांगली, नांद्रे, मग भिलवडी. स्टेशनवरून वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, नागठाण्याला, राजहंसांच्या गावी. काळी कसदार जमीन, दोन्ही अंगांना ऊस, कृष्णा जवळच. महापुराच्या खुणा घरांच्या भिंतींवर अजून आहेत.

पारावर एक आजोबा बसले होते. “कुठनं आलासा म्हनायचं?” सांगितलं. बालगंधर्वांचं नाव काढताच सरकून त्यांनी जागा केली. सिनेमाचं बोललो तेव्हा विचारलं, “पिक्चरमधी बाई व्हते का बाप्या?”

“बाप्या. एकनाथ महाराज.”

“मग वळकायचं कुनी?”

मी म्हटलं, “आजोबा, तोंड उघडलं की ओळखतंय की माणूस.” त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मग मोबाईलवर ‘धर्मात्मा’तलं पद शोधलं. रेंज एक-दोन कांड्यांची, आवाज तुटत होता. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेऊन कानाला लावला, आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या पोरांना गप्प बसायची खूण केली.

“बाईच हाय,” म्हणाले.

यावर आमची बरीच वादावादी झाली.